दर्यातला नांगर

भडगावात झुलालला झुलाल म्हणणारी माणसं दोनच: त्याची बायको बेबाबाई आणि टपालवाला. बाकी सगळं गाव त्याला ‘नांगऱ्या’ म्हणे. गंमत अशी की या नांगऱ्यानं जन्मात कधी शेत नांगरलं नव्हतं. आणि त्या हाकेला सदतीस वर्षांत त्यानं एकदाही ओ दिली नव्हती. हाक आली की मान फिरवायची नाही, सरळ चालू लागायचं. हट्ट म्हणजे हट्ट!

झालं होतं असं. सन तीसमध्ये, बोलपटांच्या आधी, पुखराजशेठच्या फिरत्या तंबूत तो पडद्याशेजारी उभा राहून मुक्या पिक्चरची गोष्ट लोकांना सांगायचा. वय बावीस, आवाज खणखणीत. एकदा चाच्यांच्या लढाईचा पिक्चर आला. जहाजावर जहाज आदळतंय, तोफा धूर ओकतायत, तंबूत बायाबापड्यांनी श्वास रोखलेला. तेवढ्यात पडद्यावर पाटी आली: ‘नांगर टाका!’ झुलालनं अक्षरं जुळवून वाचली आणि ठोकून दिलं, “बेट जिंकलं! सरदार म्हणतो, धरा रे नांगर, पेरणीला लागा!”

मागच्या बाकावर कोकणातून बदलून आलेले एक मास्तर होते. ते उभे राहिले. “अहो, नांगर म्हणजे जहाज थांबवायचा लोखंडी आकडा!” मग काय विचारता! तंबू हसून लोळला. लढाई राहिली बाजूला. पीतांबर नावाच्या एका वात्रट पोरानं तिथल्या तिथं बारसं केलं, “नांगऱ्या!” दुसऱ्या दिवशी शेठनी झुलालला पडद्यापासून काढलं आणि भिंतींवर जाहिराती चिकटवायला लावलं. पुढे पिक्चर स्वतःच बोलायला लागले. चूक निस्तरायची जागाच गेली! हे त्याला फार लागलं. खळीची बादली घेऊन फिरताना तो एकटाच पुटपुटायचा, “एकदा... फक्त एकदा.”

सदुसष्ट साली पुखराजशेठचा मुलगा प्रकाशचंद गोदाम साफ करत होता. तिथं त्या चाच्यांच्या पिक्चरचा डबा सापडला. फिल्म ठिसूळ झालेली. प्रकाशचंद म्हणाला, “येत्या रविवारी दुपारी कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये एकदा दाखवू, मग भंगारात. मागे भोंग्यावर रेकॉर्ड लावू.”

“रेकॉर्ड नको,” झुलाल म्हणाला. “मी बोलीन.”

“भाऊ, परत पेरणी कराल!”

“करणार नाही. आठ दिवस आहेत ना? पुरे झाले.”

घरी येऊन त्यानं पिशवी भरली. बेबाबाईनं कपाळावर हात मारला. “ह्या वयमा नांगर देखाले सुरत? शेजारना घरमा पडेल शे तो देखा ना!”

“तो नई वं, दुसरा शे,” म्हणाला नि निघाला. एस.टी.नं जळगाव, तिथून ताप्ती लाइनची गाडी. सुरतेपुढे, आपलीच तापी जिथं समुद्राला मिळते, तिथल्या बंदरात लाकडी गलबतं उभी होती. त्यानं एका खलाशाला विचारलं, “भाई, नांगर दाखवता?”

“लंगर?” खलाशानं काठावरच्या लोखंडाकडे बोट केलं.

झुलाल जवळ गेला. दोन टोकदार फाळ, आणि त्यांना ओला काळा चिखल चिकटलेला. त्यानं चिखल बोटांनी चोळला. हा पाण्यात काय करतो, असं विचारल्यावर खलाशानं हातानं दाखवलं: खाली जातो, ओढला जातो, चिखल फाडतो, रुततो, आणि मग जहाज हलत नाही.

“अरे तिच्या! हाऊ तं भुईमाच घुसस!” झुलाल इतका मोठ्यानं हसला की खलाशी दचकला.

रविवारी शेड गच्च भरली. खिडक्यांना गोणपाटं लावली होती. झुलाल धुवट टोपी घालून पडद्याशेजारी उभा राहिला. वय एकोणसाठ, पण आवाज? आवाज तोच! चाचे आले, तोफा उडाल्या, शिडं पेटली. बाया “बाई गं!” करू लागल्या. मग वादळ सुटलं आणि आरमाराचं जहाज खडकाकडे वाहू लागलं. पाटी आली: ‘नांगर टाका!’

सदतीस वर्षांत पीतांबरचा वात्रटपणा काही मेला नव्हता. “नांगऱ्या, पेरनी कर रे भो!”

शेड हसली. झुलालनं ते हसणं पुरतं ऐकून घेतलं.

“हसा, बठ्ठा हसा! नांगरच शे हाऊ. मी सुरतले जाईसन, हात लाईसन देखी उनू. पानीना खाले बी भुईच शे, त्याले बी फाळ शे. तुमना नांगर भुईले फाडस आनि पुढे जास. हाऊ भुईले फाडस आनि धरी ठेवस. वादळ येवो, चाचा येवो, हालत नई! सुटना की जहाज गयं!”

पडद्यावर दोर ताणला गेला. जहाज थरथरलं, वळलं, थांबलं. चाच्यांचं मात्र खडकावर फुटलं. शेडमध्ये कुणी हसेना. पुढच्या ओळीतला एक म्हातारा शेतकरी आपल्याशीच बोलला, “बरोबर शे. भुईनाच शे तो.”

पिक्चर संपला. फिल्मचा डबा ठरल्याप्रमाणे भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेला. झुलालनं तो जाताना पाहिला, पण अडवला नाही. तो खळीची बादली उचलून रस्त्याला लागला. तेवढ्यात मागून पीतांबर धापा टाकत आला. “ओ नांगऱ्याभाऊ!”

झुलाल थांबला, वळला आणि म्हणाला, “ओ.”