दीपकाडीभोवतीचा गडगा

मामाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ माळावर, पावसाळ्यात एक उथळ तळं भरतं. त्याच्या काठाला, कातळावरच्या बोटभर मातीत, दीपकाडी उगवते. लांब दांड्यावर एकेक करून उमलणारी पांढरी फुलं. ती रत्नागिरीबाहेर फारशी सापडत नाही, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

एका पावसाळ्यात तिथे बरेच दांडे मोडलेले दिसले. शेजारच्या काकींच्या म्हशी त्या काठावर चरतात, हे मला ठाऊक होतं. मी मामाला म्हटलं, गडगा घालूया. मी सहसा काही मागत नाही, म्हणून त्याने लगेच माणसं लावली. दगडांचा कंबरभर गडगा झाला, आत जायला बांबूंचं बेडं.

काकी वाटेवर थांबल्या. "काय गो बाय, माज्या म्हशींनी तुजं काय घोडं मारलंनी?"

मी हसून बेडं लावून घेतलं. उत्तर माझ्याकडे इंग्रजीत तयार होतं, मराठीत नव्हतं.

पुढच्या वर्षी फुलं बरी आली. मग आतलं गवत मांडीपर्यंत वाढलं, वाळलं, आडवं पडलं. त्यानंतरच्या जूनमध्ये त्या कुजक्या गादीखाली हात घालून शोधलं तर फक्त चार दांडे. गडग्याबाहेर, म्हशी चरतात तिथे, मात्र भरपूर फुललेले.

मामाला सांगायला मला दोन दिवस लागले. तो चिडला नाही.

"बेडं काढून टाकू. पण काकींना तूच सांग. बंद तू केलंस."

वाक्य मनात घोळवत मी त्यांच्या गोठ्याशी गेले. काकी घमेल्यात शेण भरत होत्या. मी एका दमात सगळं बोलले, चूक माझी झाली हेही.

"फुलं हायत तवर मी म्हशी तिकडं नेतच नाय," त्या म्हणाल्या. "दसऱ्यानंतर नेते. तुजे दांडे मोडले ते मामाच्या बैलांनी. इचारलं असतंस तर सांगितलं नसतं काय?"

मग घमेलं माझ्या हातात दिलं. "हे तिकडं उकिरड्यावर ओत."

त्या दसऱ्यानंतर म्हशी आत चरल्या. मामाचे बैल आता फुलं संपेपर्यंत दुसरीकडे बांधतात. यावरून काकी मामाला अजून चिडवतात.

या जूनमध्ये मी आत उकिडवी बसून दांडे मोजले. एकोणचाळीस झाले. काकी गडग्यावर हात टेकून बघत होत्या.

"त्या कोपऱ्यातले सोडलेस," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.