बिनमुंडक्याची आई

“त्यांना आत नका सोडू. कपड्यांना वास लागेल.”

मॅडम वॉचमनला एवढंच म्हणाल्या. आवाजही चढवला नाही. समोरच्या गिऱ्हाइकाकडे बघून हसत होत्या, त्या हसण्यातच मान जराशी वळवली आणि बोलल्या. दारात माझी आई उभी होती.

गंगापूर रोडवरचा हॉल. पिवळे दिवे, कॉफी, हळू आवाजात गाणी. प्रदर्शन होतं जुन्या कपड्यांचं. जुने म्हणायचं नाही, अशी ताकीद होती. भिंतीवर इंग्रजी पाटी होती, तिचा अर्थ साधारण असा की आधी कुणीतरी जीव लावून वापरलेले कपडे. थंडीत रोज घालता येतील असे जोड हँगरला लावलेले. शर्टावर स्वेटर, स्वेटरवर जॅकेट, गळ्यात मफलर. ते सगळे जोड मी लावले होते. आणि त्यातला एकूण एक कपडा माझ्या आईने पाठीवरून वाहून आणला होता. ज्या कपड्यांना तिचा वास लागेल म्हणून मॅडमना भीती वाटत होती, ते महिनाभर आमच्या अंथरुणाच्या उशाशी होते.

माझी आई बोहारीण आहे. हा शब्द मी शाळेत कधी उच्चारला नाही. वडिलांचा धंदा विचारला की सांगायचे वारले, आईचा विचारला की सांगायचे घरकाम. ते खोटं नव्हतं म्हणा. घरोघरच्या दारात उभं राहायचं कामच ते. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, पाठीला कपड्यांचं गाठोडं, आणि गल्लीच्या तोंडाशी एक लांब हाळी, “भांडीऽऽय!” जुने कपडे घ्यायचे, बदल्यात भांडं द्यायचं. “एवढ्यात पातेलं नाय बसत ताई, एक प्यांट टाका अजून.” मग आतून एक पँट यायची. तिच्या मांडीला भोक असायचं आणि त्या भोकावरून घासाघीस अर्धा तास चालायची. नाशकातल्या कितीतरी फडताळांत आईने दिलेली भांडी आहेत. त्यांत दूध तापतं, देवाचा नैवेद्य होतो. भांड्याला आमचा वास लागत नाही. स्टील असतं ना.

आणखी एक रीत सांगते. बाया आम्हाला कपडा देताना आधी त्याचं वरचं बटण कापून घेतात. स्वेटर असेल तर काठाचा एखादा धागा ओढतात. साडीच्या पदराचं टोक कातरतात. का, तर अंगावरचा आख्खा कपडा परक्याच्या हाती गेला की करणी होते. बोहारीण तर हमखास करते. लहानपणी मी आईबरोबर फेरीला जायचे तेव्हा हे रोज बघायचे. दारात उभं करून, आमच्या समोर, कात्रीने कचकन बटण काढायच्या. चेहऱ्यावर काही नाही. नारळाची शेंडी काढावी तसं.

मला राग यायचा. आई हसायची. “मला करणी येत असती तर आधी ही थंडी नसती का घालवली?” असं म्हणून ती गाठोड्यावर गुडघा रोवायची आणि गाठ आवळायची.

आणि थंडी तर विचारूच नका. निफाडकडून वारा सुटला की आमच्या वस्तीतले पत्रे पहाटे हाताला चिकटतात. नवा स्वेटर आमच्या घरात कधी आला नाही. आला तो दुसऱ्याच्या अंगावरून उतरून. पण आई कपडे नुसते अंगावर टाकायची नाही, ती ते लावायची. आधी गाठोडं सोडायचं, उन्हात पसरायचं, मग एकेक उचलून कोणाच्या अंगाला काय, ते बघायचं. एखाद्या स्वेटरच्या कोपरांना भोकं असली तर बाह्या कापून माझ्या पोटऱ्यांना चढवायची आणि उरलेला बिनबाह्यांचा भावाला. बटणं मिळतील त्या रंगाची. तिचं तर ठरलेलंच होतं. साडीच्या आत ट्रॅकपँट. ब्लाउजवर लांब बाह्यांचा बनियन. त्यावर मरून बिनबाह्यांचा स्वेटर, त्याच्यावर कुणा साहेबाचा मोठ्या चौकटींचा शर्ट, पुढून उघडा. कानांवरून मफलर, हनुवटीखाली गाठ. पायात शाळेचे पांढरे मोजे, अंगठ्याशी टाका घालून दोन भाग केलेले, म्हणजे चप्पल बसते. अशी निघाली की वस्तीतल्या बाया चिडवायच्या, “निघाली बघा कलेक्टरीण!” आई मफलर सारखा करून ऐटीत चालायची. मला माझी आई तेव्हा फार देखणी वाटायची. आजही वाटते.

मॅडम मला गंगेवर भेटल्या, गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात. आम्ही तिथे ताडपत्री टाकून बसतो. त्यांनी कपडे चाळले, मग मलाच विचारलं, “हे एकावर एक कोणी लावलंय?” मी म्हटलं, मी. माझं बी.कॉम. झालेलं होतं, नोकरी नव्हती. त्यांनी मला कामाला घेतलं. कपडे आईकडून घ्यायच्या, मी धुऊन, वाफ देऊन, रफू करून त्यांचे जोड लावायचे. माणूस म्हणून वाईट नव्हत्या. वाढदिवसाला केक आणला होता. फक्त एक अट होती, आणि तीही त्यांनी गोड बोलून सांगितली. कपडे कुठून येतात ते कुणी विचारलं तर सांगायचं, ओळखीच्या चांगल्या घरांतून.

एकदा त्या आमच्या घरी आल्या. सकाळची वेळ, आई फेरीला निघत होती. मॅडम बघतच राहिल्या. “मावशी, थांबा थांबा, काय मस्त दिसताय!” आणि मोबाइलवर फोटो काढला. आई लाजली. दिवसभर मला विचारत होती, “खरंच ग, चांगली दिसत व्हते?”

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मी हॉलवर पोचले, तर दारासमोरच एक पुतळा उभा केलेला. तो मी लावलेला नव्हता. मॅडमनी स्वतः लावला होता, तो फोटो समोर ठेवून. साडी, आत ट्रॅकपँट, मरून स्वेटर, चौकटींचा शर्ट पुढून उघडा. मोजेसुद्धा अंगठ्याशी टाका घातलेले. दुकानांत असतात तसा पांढरा पुतळा, बिनमुंडक्याचा. डोकं नाही म्हणून मफलर मानेच्या खुंटाभोवती गुंडाळून पुढे गाठ मारलेली. खाली इंग्रजीत काहीतरी नाव, रस्त्यावरची राणी अशा अर्थाचं. मला वाटलं, बरं झालं. आईची कदर झाली. म्हणून मीच आईला फोन केला, फेरी आटपली की इकडे ये, एक गंमत दाखवायची आहे.

ती आली. पायरीपाशी पाटी उतरवली, बागेच्या नळावर तोंड धुतलं, पदराने पुसलं आणि दारात उभी राहिली. अंगावर तेच कपडे. तेव्हा मॅडम ते वाक्य बोलल्या. वॉचमनने हात आडवा केला. जवळच्या बाईने विचारलं, “कोण आहे?” मॅडम म्हणाल्या, “कुणी नाही हो. भांडीवाली.”

दारापासून चार हातांवर आईसारखा पुतळा. त्याच्याशेजारी उभं राहून मुली फोटो काढत होत्या. आणि आई बाहेर.

मला वाटलं, आपलं तोंड शिवलेलं आहे. खरंच वाटलं. इतकी वर्षं ‘घरकाम, घरकाम’ म्हणताना घातलेले टाके. मग ते उसवलं. मी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “ती माझी आई आहे. हे सगळे कपडे तिने आणलेत. बोहारणीचे कपडे आहेत हे.”

एका बाईने अंगावर घालून बघितलेला कोट काढला आणि दोन बोटांनी धरून हँगरला टांगला. तिच्या मुलीने पर्समधून सॅनिटायझर काढलं, आधी स्वतःच्या हाताला लावलं, मग आपल्या आईच्या हातावर ओतलं. त्या मुलीची आई पण आईच. तिला तिच्या लेकीने जपलं.

मॅडमचा चेहरा उतरला. पण त्या हुशार. लगेच सावरल्या. “अगं, मग आधी सांगायचंस ना, त्या आल्यात म्हणून! मावशी, या, या आत. ह्याच त्या बरं का, ज्यांच्यावरून हा लुक केलाय. मावशी, तिथे उभ्या राहा, शेजारी. फोटो काढू.”

आईचं कुणाकडेच लक्ष नव्हतं. वॉचमनचा हात, मॅडमचे शब्द, काही तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. ती त्या पुतळ्याकडे बघत होती. तिचा रंग उडाला होता. मी तिच्याजवळ गेले. ती पुढे झाली आणि मॅडमसमोर हात जोडले. माझ्या आईने. भरल्या गल्लीत जिने कुणाची मुर्वत ठेवली नाही, तिने.

“बाई, काय चुकलं असंल तर पदरात घ्या. पोरगी बोलली, ती बी चूक माझीच. पर तेवढी बाहुली मोडा. पाया पडते तुमच्या.”

“बाहुली?” मॅडम हसल्या. “अहो, हा तर तुमचा सन्मान आहे!”

“मुंडकं नाय तिला,” आई म्हणाली. “माझी बाहुली केली, आन मुंडकं नाय ठिवलं.”

कुणीतरी हसलं. एकीचा मोबाइल आमच्याकडे वळलेला होता. तेव्हा मला कळलं, आईने काय बघितलं ते. लोकांनी जन्मभर ज्या भीतीने तिच्या डोळ्यांदेखत बटणं कापली, ती भीती आज तिच्यावर उलटली होती. तिच्या पेहरावाची, तिच्या मापाची, गळ्याला फास आवळलेली बाई कुणीतरी उभी केली होती आणि माणसं भोवती हसत होती. मला रडू आलं नाही. तेव्हा नाही आलं.

मी पुतळ्याजवळ गेले. मफलर सोडला. शर्ट काढला, स्वेटर काढला, साडी फेडली. मॅडम ओरडल्या, “हात नको लावूस! ते माझे आहेत, मी विकत घेतलेत!”

“तुमचेच आहेत,” मी म्हणाले. एकेक घडी करून टेबलावर ठेवलं. “कपडे विकत दिलेत आम्ही. आई नाही दिली.”

पांढरा उघडा पुतळा तसाच सोडून आम्ही बाहेर पडलो. पाटी उचलून आईच्या डोक्यावर ठेवायला गेले, तर तिने मान पुढे केली नाही. मग पाटी मीच घेतली. घरी पोचल्यावर म्हणाली, “कशाला बोलली ग? चांगलं लागलेलं काम गेलं तुझं.”

दुसऱ्या दिवशी पहाटे ती फेरीला निघाली, ती नुसत्या साडीवर. वर एक विरलेली शाल. मरून स्वेटर खुंटीला. मी समोर धरला तर तिने हात मागे घेतले. “नको. त्याच्यावर करणी उतरलीय आता.” मी समजावलं. असं काही नसतं म्हणाले. तूच हसायचीस ना, म्हणाले. ती म्हणाली, “हसत व्हते. तवा करणी करणारी म्हून नाव माझंच व्हतं. आता करणारे दुसरे हायेत.” दुसरा स्वेटर दिला, तोही घेईना. आता कशावर काही चढवायला नको, जोड लावायला नको, कुणी बघायला नको. कलेक्टरीण म्हणून कुणी चिडवत नाही.

पहाटे तिचा खोकला गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतो. मी अंथरुणात तोंड दाबून रडते. मी शिकलेली आहे, मला माहीत आहे की करणी नसते. पण माझ्या डोळ्यांसमोर एका धडधाकट बाईची ऊब काढून घेतली, आणि ती काढून घेणाऱ्यांच्या हातात लिंबू नव्हतं, सुई नव्हती. मोबाइल होता, आणि तोंडभरून कौतुक होतं. याला मी दुसरं काय म्हणू?

मॅडमचा निरोप आला होता. झालं गेलं विसर म्हणाल्या. आता लोकांना खऱ्या गोष्टी आवडतात, आईला घेऊन ये, बोहारीण असंच लिहू, व्हिडिओ करू, तुमचंच नाव होईल. जो शब्द मी बोलले म्हणून त्यांचे कपडे विकले न जाता हँगरवरच राहिले, तोच शब्द आता त्यांना पाटीवर हवा आहे. मी कळवलं, आईचा फोटो आधी पुसा. माझ्यासमोर पुसा. आणि आमच्या गाठोड्यातली चिंधीही तुम्हाला मिळणार नाही.

मी आता फेरीला जाते. पाटी माझ्या डोक्यावर असते, आई गाठोडं घेऊन मागे. दारात कात्री निघाली की मी कपडा हातात घेत नाही. सांगते, बटणासकट द्यायचा तर द्या, नाहीतर ठेवा. किती दारं त्यावर बंद झाली. होऊ देत. बुधवारी गंगेवर बसते, आणि कुणी स्वेटर उचलला की ते विचारायच्या आधी सांगते, “बोहारणीचा आहे. आईने आणला, मी धुतला.” काहीजण परत ठेवतात. ठेवू देत. आई शेजारी बसलेली असते, कुडकुडत, शाल आवळून. तिची भीती जाईल की नाही मला माहीत नाही. बहुतेक नाही जाणार. पण तिच्या शेजारी बसून मी घरकाम म्हणणार नाही. मरेपर्यंत म्हणणार नाही.