जस्ताची पट्टी आणि बाबांचा नकार

बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या माझ्या दवाखान्यात एका आजोबांची दाढ काढत होते. दाढ काढली, कापूस दाबून धरायला सांगितलं, मग लातूरला निघाले. रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. ‘सर देवमाणूस होते’ असं म्हणायचा सगळ्यांनी सपाटा लावलाय, म्हणून हे लिहायला बसले.

देवमाणूस म्हणे. बारावीच्या पोरांना त्यांनी फिजिक्स झकास शिकवलं, हे मलाही नाकारता येत नाही. मी आठवीत असताना एका रविवारी ते मला कॉलेजच्या प्रयोगशाळेत घेऊन गेले. जस्ताची पट्टी पॉलिश पेपरनं लख्ख घासली, विद्युतदर्शीवर, म्हणजे प्रभार आहे की नाही ते दाखवणाऱ्या उपकरणावर ठेवली, तिला ऋण प्रभार दिला. आतलं सोन्याच्या वर्खाचं पान फाकून उभं राहिलं. त्यावर मोठा बल्ब धरला… काही नाही. मग अतिनील दिवा लावला आणि पान हळूहळू खाली यायला लागलं. “उजेड किती हाय ते न्हाई, कसला हाय ते बघायचं,” ते म्हणाले. “ह्या किरणांनी जस्तातून इलेक्ट्रॉन बाहेर पडायलेत.” मी मध्ये काच धरली, पान थांबलं. काच काढली, पुन्हा खाली. त्या दिवसापासून मला दुसरं काही करायचंच नव्हतं.

बारावीनंतर तसं सांगितलं. “फिजिक्स मार्क घ्यायचा विषय हाय,” ते जेवता जेवता म्हणाले, “त्याच्यावर जिंदगी काढायची नसती. डेंटलला नंबर लागलाय, गुमान जा.” मी जेवण सोडलं, आईनं विनवण्या केल्या. बाबा ढिम्म. शेवटी मी डेंटलला गेले.

तेरवीला माझ्याच बॅचची एक मैत्रीण उदगीरहून आली. ती तिथं कॉलेजात फिजिक्स शिकवते. बाबांच्या फोटोसमोर ती हमसून रडली. म्हणाली, “माझे पप्पा ऐकतच नव्हते गं. सर स्वतः बसनं उदगीरला आले. पप्पांना म्हणाले, पोरीला फिजिक्सच करू द्या, तिचं मन मारू नका, जन्मभर कुढत बसंल.”

“कधी?” मी विचारलं.

“आपला निकाल लागला, तेव्हाच की.”

तिची काय चूक? मी तिला जेवायला वाढलं. पण आजवर मला वाटायचं, मी काय मागत होते ते बाबांना कळलंच नाही. तेवढ्या एका समजुतीवर मी त्यांना निम्मं माफ केलं होतं. त्यांना सगळं कळत होतं… आई अजून रोज त्यांची खोली झाडते, उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवते. मी लातूरला गेले की त्या खोलीत पाऊल ठेवत नाही, बाहेरच्या खोलीतच झोपते.