काशीरामकाकांचं शेवटचं गाऱ्हाणं

चूक विद्याधरची. पूजेचं हँडबिल नव्यानं लिहीत कोण बसणार, म्हणून मंडळाच्या या चिटणीसानं जुनंच छापखान्यात दिलं आणि सांगितलं, "फक्त तारीख बदला." छापखानेवाल्यानं इमानदारीत फक्त तारीख बदलली. त्यामुळे १९८६च्या सार्वजनिक सत्यनारायणाच्या चारशे हँडबिलांवर, अध्यक्षांपेक्षाही जाड टायपात छापून आलं: 'गाऱ्हाणं घालतील: श्री. काशीराम परब.' जोगेश्वरीतल्या चाळीच्या भिंती या हँडबिलांनी भरून गेल्या, तेव्हा विद्याधरला आठवलं की काकांनी तीन वर्षांपूर्वीच देवाला रामराम ठोकलाय.

गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीनं देवाशी मोठ्यानं बोलणं. काका ते असं घालायचे की मागून "व्हय म्हाराजा" म्हणता म्हणता बायकांचे डोळे भरून यायचे. शेजारच्या धाकूची मुलगी तापानं फणफणली, तेव्हाही काकांनीच गाऱ्हाणं घातलं, तिच्या कपाळाला अंगारा लावला आणि म्हणाले, "आता तो बघून घेईल." धाकू निर्धास्त झाला. दोन दिवस डॉक्टरकडे गेलाच नाही. तिसऱ्या दिवशी पोरीला उचलून नेलं, पण उशीर झाला होता. आपलं ऐकणारा तिथं एकच जण होता, धाकू, हे काकांना तेव्हा कळलं.

तेव्हापासून चाळीत कुणी नुसतं कण्हलं तरी काका चपला सरकवून दारात हजर. कारखान्यात रजा टाकून इस्पितळाच्या रांगेत उभे. यंदा पूजेच्या दुसऱ्या दिवशीचीही रजा चाळीतल्या नानाच्या आजारी बायकोसाठी टाकलेली. पेशंट बरा झाला की घरचे मारुतीला नारळ फोडत, त्यातली अर्धी वाटी काकांना आणून देत आणि वर म्हणत, "देवमाणूस आहात." काकांचं डोकं फिरायचं ते इथं.

विद्याधर माफी मागायला गेला.

"चिकटवलंस मा?" काका म्हणाले. "आता सोडव."

"चारशे आहेत हो काका. आणि देवावर किती दिवस राग धरणार?"

"मी पण तांच सांगतंय," वनमालाकाकू आतून म्हणाल्या.

"राग? जो नायच, त्येच्यावर रागावतलंय कसो? सगळी माझी समजूत काढतत, जसो काय मी भांडून माहेराक गेलंय."

"दोन वाक्यं बोला फक्त."

"दोन वाक्यांनीच धाकूचा चेडू गेला रे."

विद्याधर परतला. पण पूजेच्या दिवशी माईकपाशी नारळ धरून उभा राहिला तो खुद्द धाकू. "घाल रे काशीराम. तू घातलंस की बरा वाटता."

या माणसाला नाही कसं म्हणणार? काका उठले. नारळ त्यांनी बाजूला ठेवला, देवाकडे पाठ केली आणि लोकांकडे तोंड करून उभे राहिले.

"ताप दोन दिवसात उतरलो नाय, तर डॉक्टराकडे जावचा."

"व्हय म्हाराजा."

"अंगारो लावून घरात बसाचा नाय."

"व्हय म्हाराजा."

"मी देवाशी बोलत नाय, तुमच्याशी बोलतंय."

"व्हय म्हाराजा."

"म्हाराजा म्हणा नकात."

"व्हय म्हाराजा."

काकांनी माईक ठेवला आणि मांडवामागच्या बाकड्यावर जाऊन डोकं धरून बसले. आत बायका डोळे पुसत होत्या. विद्याधरही पाघळला होता. जवळ जाऊन हळूच म्हणाला, "काका, खरं सांगतो, आज प्रत्यक्ष देवच बोलला तुमच्या तोंडून."

"मग नानाच्या बायकोक उद्या इस्पितळात नेवक त्याकाच सांग."