नेवाडाची डिक्री वसईच्या कोर्टात

सोनेरी शिक्का आणि लाल फीत लावलेला कागद समोरच्या वकिलांनी टेबलावर असा ठेवला, जणू केस संपलीच.

“अमेरिकेच्या कोर्टानं घटस्फोट दिलाय, साहेब. आता ही बाई त्या घरात कोणत्या नात्यानं राहते?”

ही बाई म्हणजे माझी अशील फिलोमिना, वसईजवळच्या निर्मळ गावची. सत्तरच्या दशकाची अखेर होती. तिचा नवरा पास्कल शिकागोच्या एका कारखान्यात सुपरवायझर. त्यानं तिकडे घटस्फोट घेतला आणि इकडे धाकटा भाऊ बस्त्याव याला मुखत्यारपत्र पाठवलं, म्हणजे आपल्या वतीनं वागायचा अधिकार दिला. बस्त्यावनं वहिनीला घराबाहेर काढायचा दावा लावला. घर पास्कलच्या नावावर. फिलोमिनाला माहेर उरलेलं नव्हतं. बायको असेल तर घरात राहील, नसेल तर रस्त्यावर येईल, एवढाच मामला.

परदेशी कोर्टाचा निकाल आपल्याकडे आधी योग्यच धरतात. तो पाडायचा तर त्या कोर्टाला अधिकारच नव्हता हे दाखवावं लागतं. याला आम्ही ज्युरिस्डिक्शन म्हणतो. मी डिक्री, म्हणजे तो घटस्फोटाचा हुकूमनामा, हातात घेतली. ती शिकागोची नव्हती, नेवाडाची होती.

अमेरिकेत लग्नाचा कायदा राज्यागणिक निराळा. शिकागोकडे तेव्हा घटस्फोट सहजी मिळत नसे. नेवाडात काही आठवडे राहिलं आणि ‘आता मी इथलाच’ अशी शपथ घेतली की मिळायचा. मंडळी हॉटेलात उतरायची, शपथ घ्यायची, कागद घ्यायची आणि घरी परतायची. असल्या कागदाला इतर राज्यांनी मान द्यावा का, यावर खुद्द तिथल्या कोर्टांत वर्षानुवर्षं वाद. हे सगळं मी मुंबईच्या लायब्ररीत बसून वाचलं. वसईच्या बाररूममध्ये मला ‘नेवाडा’ अशी हाक मारायला लागले. मारू दे म्हटलं.

बस्त्याव पिंजऱ्यात आला. घरी ही वसईकडची ख्रिस्ती माणसं आपली बोली बोलतात. कोर्टात मात्र त्यानं शाळेतली मराठी काढली.

“भाऊ शिकागोला कधीपासून?”

“गेल्यापासून तिथेच. एकच कंपनी. एक दिवस खाडा नाही त्याचा!” भावाचं कौतुक त्याला आवरेना.

“मधे दुसरीकडे बिऱ्हाड केलं होतं?”

“कशाला करेल? बंगला घेतलाय त्यानं शिकागोला.”

“मग नेवाडाला?”

“तिथे नुसता सुट्टीत गेलेला.”

त्याच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. न्यायाधीशांनी मान वर केली. “म्हणजे राजोडीच्या समुद्रावर हवा खायला जायचं आणि तिथलं रेशनकार्ड काढून यायचं. असंच ना, वकीलसाहेब?”

“अगदी तसंच, साहेब.”

पण समोरचे वकील ठाण्याचे, मुरलेले. त्यांनी दुसरा पवित्रा घेतला. कोर्टाला अधिकार नसला तरी बाईनं घटस्फोट मान्य केलेला आहे. कागद जानेवारीत तिच्या हातात पडला, ती गप्प राहिली, आणि तेव्हापासून पाहुणी म्हणून राहते. ‘मान्य नाही’ असं ती कोणाला म्हणालीच नव्हती. मी मनातून चरकलो. गप्प राहणं तिच्या स्वभावातच होतं, आणि स्वभाव काही पुरावा होत नाही.

सासूला साक्षीला बोलवावं असं मला फार वाटत होतं. ती फिलोमिनाबरोबर त्याच घरात राहायची. पण तिनं आधीच कानावर हात ठेवले होते. “मी कोणाच्या बाजूनं बोलू? पोरगे दोघंव माझेच.” तारखेला मात्र ती येऊन मागच्या बाकावर बसली होती.

मी बस्त्यावला पुन्हा विचारायला उभा राहिलो.

“कागद आल्यापासून वहिनी घरातली नाही?”

“नाही.”

“सगळ्या घरानं तसं मानलं?”

“सगळ्यांनी मानलं.”

“मे महिन्यात तुमच्या अंगणातल्या क्रुसापाशी प्रार्थना झाली?”

“दरवर्षी होते.”

“पहिली मेणबत्ती कोण लावतं?”

“थोरल्याची बायको. आमच्या घरची रीत आहे.”

“या मे महिन्यात कोणी लावली?”

‘माझ्या बायकोनं’ असं तो म्हणाला असता तर माझ्या हातात काही उरलं नसतं. त्यानं मागं वळून आईकडं पाहिलं. ती त्याच्याकडंच पाहत होती. शाळेतली मराठी तिथं संपली.

“वयनीनं. मीच बोलवाला गेलतो. ती येय नाय म्हणत होती.”

सकाळपासून हा माणूस वहिनीबद्दल वाटेल ते बोलला होता. क्रुसापुढच्या गोष्टीत त्याला खोटं बोलवेना. मला त्याचा राग आला होता, तो तिथं निम्मा उतरला.

दावा फेटाळला गेला. निकालात न्यायाधीशांनी लिहिलं की नेवाडाच्या कोर्टाला अधिकार नव्हता, आणि घटस्फोट मान्य असल्याचं ना बाईच्या वागण्यात दिसतं, ना घरच्यांच्या.

बाहेर फिलोमिना मला म्हणाली, “म्हणजे मी अजून त्याची बायको?”

“इथं, हो.”

“आणि तिथं?”

“तिथं त्यानं दुसरं लग्न केलंय म्हणतात. तिथल्या कागदाप्रमाणं ती बायको.”

जिंकल्याचा आनंद तिच्या तोंडावर नव्हता, आणि मग माझ्याही मनात राहिला नाही. तेवढ्यात सासू बाहेर आली. “चल गो, बस जाईल,” एवढंच म्हणाली आणि फिलोमिनाच्या हातातली पिशवी स्वतःकडं घेतली.

कोर्ट राहायला घर देऊ शकतं. नवरा परत आणून द्यायचं ज्युरिस्डिक्शन कुठल्याच कोर्टाला नाही, ना नेवाडाच्या, ना वसईच्या.