सरस वाळेपर्यंत

माणसाच्या आवाजाला एवढा घाबरणारा माणूस अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. सापाला, साहेबाला, अगदी भाचीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या जिभेलासुद्धा न भिणारे माझे हे मामेसासरे, अंगणातून कुणी ‘आहे का घरात?’ म्हटलं की दचकून उठत आणि दोन्ही हात हलवत त्याच्या अंगावर धावून जात. घरात धनुष्य वाळत पडलंय, हे येणाऱ्याने ओळखायचं आणि आल्या पावली परतायचं. उटनूरच्या एका कचेरीत कारकुनी करताना आसपासच्या जंगलातल्या गावांत त्यांना धनुष्यं करायचा नाद लागला. निवृत्त होऊन आदिलाबादजवळ मावला गावात घर बांधलं तरी तो सुटला नाही.

लाकडाची कांब तासून झाली की तिच्या पाठीवर ते बकऱ्याच्या पातळ कातड्याची ओली पट्टी सरसाने चिकटवत. धनुष्य ओढलं की सगळा ताण पाठीवर येतो आणि तिला आधार नसेल तर लाकूड फाटतं. इथवर सगळं शहाण्या माणसासारखं. पण त्यांचं ठाम मत असं, की सरस ओला असेपर्यंत लाकूड ऐकत असतं. त्या वेळात घरात जे बोललं जाईल ते कातड्याखाली शिरतं, तिथेच वाळतं आणि पुढे धनुष्य ओढलं की बाहेर येतं. म्हणून पट्टी वाळेपर्यंत घरात सगळा कारभार खाणाखुणांचा. मला जावयाला एकदा नुसत्या भुवयांनी आग्रह करकरून जेवू घातलं. लग्नाची पत्रिका घेऊन आलेले एक शेजारी तर या मुक्या स्वागताने असे गडबडले, की घरात कुणी गेलंय असं समजून पत्रिका खिशात घातली आणि डोळे टिपत निघून गेले.

मामीजी हे सगळं हसून सोसत. सरस वाळला की दारात बसून साठलेलं बोलणं एका दमात मोकळं करत. “अर्धा संसार तं मी मुक्यानंच केला, जावईबापू,” त्या म्हणायच्या, आणि मामाजी खिडकीतून कौतुकाने ऐकत राहायचे.

माझं इचोड्याला औषधाचं दुकान आहे. मामीजींच्या छातीच्या गोळ्या घेऊन मी अधूनमधून जायचो. एका दुपारी मामाजींनी भिंतीवरचं धनुष्य काढून माझ्या हातात दिलं. “ओढून पाहा.” मी ओढलं, तर आतून कुणी बाई करवादल्यासारखी कटकट आली. “शेजारीण नळावर भांडून राह्यली होती, तवाचं हाये हे,” ते म्हणाले. मला हसू आलं. मग त्यांनी दुसरं दिलं. त्यातून कुणीतरी खोल, कफ अडकल्यासारखं खोकलं.

“हे माहे वडील,” मामाजी म्हणाले. “गेले, त्याच हप्त्यातलं.”

लाकूड करकरतं एवढं मलाही कळतं. पण करकरणारं लाकूड खोकून झाल्यावर घसा साफ करत नाही. मी ते अलगद खाली ठेवलं आणि तळवे पँटीला पुसले.

गेल्या हिवाळ्यात, अशीच एक पट्टी ओली असताना, भरदुपारी मामीजींच्या छातीत कळ आली. मामाजी अंगणात होते, हाकेच्या अंतरावर. मामीजींनी हाक मारली नाही. पाणी प्यायला ते आत गेले तेव्हा त्या भिंतीला टेकून बसलेल्या होत्या आणि पदराचा बोळा दातात घट्ट धरलेला होता.

ते धनुष्य वाळलं. तेव्हापासून मामाजींना जगात एकच गोष्ट हवी आहे, त्यातून मामीजींचा एक शब्द. निदान एक उसासा. आल्यागेल्याला ते आता हाताला धरून आत नेतात आणि धनुष्य ओढायला लावतात. मलाही लावलं. “तुमचे कान तरणे हायेत, जावईबापू. काई आलं का?”

काहीच आलं नाही. लाकूड कुरकुरलं नाही, दोरी सोडली तर तिचाही आवाज झाला नाही. मी ओढून धरलं होतं तेवढा वेळ डोक्यावरचा पंखा आणि रस्त्यावरचे ट्रकसुद्धा मला ऐकू येईनासे झाले. मी नकारार्थी मान हलवली.

“काऊन नसन बोलावलं तिनं?” मामाजी म्हणाले. का, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी धनुष्य परत भिंतीला लावलं.

परवा गेलो तर घर सताड उघडं होतं. मामाजींनी गरम पाण्याने ती पट्टी सोडवून पुन्हा सरस लावून चिकटवली होती. ओलं धनुष्य मांडीवर घेऊन ते त्याच्याशी हलक्या आवाजात बोलत होते.

“मार वं हाक. बिगडलं तं बिगडू दे. मी हाव ना इथंच.”

एवढं म्हणून ते थांबत. तिला बोलता यावं एवढा वेळ गप्प राहत, आणि मग पुन्हा म्हणत.