तीन किल्ल्यांचं कुलूप

जुनं कुलूप घेऊन येणारा माणूस नुसतं कुलूप कधीच आणत नाही. दुरुस्त होईपर्यंत बसतो, चहा पितो आणि घरातलं सगळं सांगून मोकळा होतो. सत्तर-ऐंशीच्या त्या वर्षांत मी उद्यमबागेत फौंड्रीत होतो. रविवारी बेळगावच्या घरी पुढच्या सोप्यात बसून दारांची जुनी कुलपं नीट करायचो. कुलपांचा कधी राग आला नाही. माणसांचा फार यायचा.

कडोलीच्या एकाच्या पितळी कुलपात किल्ली शिरेना. खोललं तर आत हळद-कुंकवाचा चिखल. दर खंडेनवमीला हा गडी किल्लीच्या भोकात हळद-कुंकू भरायचा, वर तेल सोडायचा.

"पूजा केल्यावर देव नाराज व्हतोय व्हय, अण्णा?"

"देव न्हाई. आतली स्प्रिंग नाराज हाय." रॉकेलची वाटी त्याच्याच हातात दिली. दुपारपर्यंत घासत बसवला.

आमच्या सुपरवायझरांनी आजोबांच्या वेळचं कुलूप आणलं, हातोडीनं चेपलेलं. "लई हट्टी हाय." मी किल्ली निरखली.

"साहेब, ही कपाटाची किल्ली."

साहेबांनी किल्ली उलटीपालटी करून बघितली. मग म्हणाले, "तरी उघडायला पायजे होतं."

एकानं साबणावर किल्लीचा ठसा आणला. घर त्याचंच, म्हणाला. किल्ली बायकोकडं. बायको कुठं? घरात.

"मग दार वाजव की," मी म्हटलं आणि त्याच साबणानं हात धुतले.

पण खरा राग आला तो गंगाक्काच्या मुलांचा. गंगाक्का आमच्या गल्लीतली. नवरा गेल्यावर तिच्या तीन मुलांचं आपसात पटेना. थोरल्यानं वडिलांचं लोखंडी कुलूप माझ्याकडं आणलं. तीन किल्ल्या एकदम लागल्याशिवाय न उघडणारं. असलं कुलूप हातात आलं की मी जेवण विसरतो. दोन रविवार खपून चालू केलं. कशाला पाहिजे ते विचारलं नाही. ती माझी चूक.

त्यांनी ते ज्वारीच्या खोलीला घातलं. एकेक किल्ली एकेकाच्या करदोट्याला. आईला भाकरीपुरती ज्वारी हवी असली तरी तिघांना गोळा करायचं. दोघं सापडले तर तिसरा सांबऱ्याला गेलेला. गंगाक्का पदराआड वाटी धरून आमच्याकडं पीठ मागायला आली. बायकोनं वाटी भरून दिली आणि मला म्हणाली, "लई चांगलं कुलूप केलासा."

मग तिघंही माझ्याकडं आले, वेगवेगळ्या दिवशी. प्रत्येकाला बाकी दोघांच्या किल्ल्यांची नक्कल हवी होती. "त्यास्नी कळू देऊ नका, अण्णा. त्यांचा काय भरवसा न्हाई."

तिघांनाही मी एकच विचारलं, "आईला एक संच करून देऊ काय?"

तिघांनीही चपला घातल्या.

शेवटी मीच त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, दार खाली बसलंय, कुलपावर ताण येतोय. तिघं पहाऱ्याला उभे राहिले, सहाही डोळे कुलपावर. मी कुलपाला हात लावला नाही. आपण नीट केलेलं कुलूप आपणच बिघडवायचं, हे मला जमत नाही. दाराच्या दुसऱ्या कडेला, बाहेरच्याच अंगाला, बिजागऱ्यांच्या खिळी गंजल्या होत्या. त्या काढल्या, घासून बारीक केल्या, तेल लावलं. गंगाक्का चुलीपाशी होती.

"आक्का, घालून बघ की जरा."

तिनं खीळ घातली. दोन बोटांनी वर ओढून काढली. परत घातली.

पंधरा दिवसांनी तिघं भाऊ माझ्या दारात, पहिल्यांदाच एकत्र. थोरल्याच्या हातात कुलूप.

"अण्णा, आई रोज भाकरी करत्या. ज्वारी कमी व्हायलीया. किल्ल्या तर तिन्ही आमच्याजवळ. बघा ह्यात काय झालंय."

मी चष्मा लावला. तिन्ही किल्ल्या घालून कुलूप चार वेळा उघडलं, चार वेळा लावलं.

"कुलपात काय बी दोष न्हाई," मी म्हटलं.